गोळीला शंभर प्रश्न, पुडीला एकही नाही

आमच्याकडं बीपीची गोळी सुरू करा म्हणलं की पहिला प्रश्न ठरलेला, "साइड इफेक्ट तर नाही ना तिचा?" चांगलाच प्रश्न आहे, विचारलाच पाहिजे. पण हाच माणूस आठवडी बाजारात गुडघेदुखीची पुडी घेताना तोंडातून चकार शब्द काढत नाही.

मामांचंच सांगतो, निलंग्याकडं असतात. बीपीची अ‍ॅम्लोडिपिन गोळी सुरू झाली, पाय सुजायला लागले, तर गोळी परस्पर बंद! आता पाय सुजणं हा त्या गोळीचा जुना, माहितीतला त्रास, डॉक्टर डोस कमी करतात नाहीतर गोळी बदलून देतात, पण दाखवायला जायचं कोण? आणि पुडी मात्र चालूच. वहीच्या कागदात बांधलेली तपकिरी पावडर, ना नाव ना तारीख. "अरे जडीबुटीय ती, तिला कशाचा आलाय साइड इफेक्ट, रात्री घेतली की सकाळी शेतात!" एका रात्रीत गुडघा मोकळा, भूक जोरात, तोंड गोल व्हायलंय, शुगर वाढायलीय... मला तिथंच शंका आली. असल्या पुड्यांत गुपचूप स्टेरॉइड, म्हणजे सूज-दुखणं झटक्यात दाबणारं औषध, मिसळलेलं सापडतं, आणि ही लक्षणं त्याचीच. त्यात अजून एक गोम, बरेच दिवस घेऊन एकदम बंद केलं तरी जिवावर बेतू शकतं, कारण बाहेरून मिळतंय म्हणून शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं. म्हणून मामांना पुडी फेका नाही म्हणलो, खिशात घाला आन् डॉक्टरकडं चला म्हणलो.

बरं मेडिकलवरचं सगळं साव आहे असंही नाही. "अंगदुखीची द्या" म्हणलं की पट्टी कापून डायक्लोफेनॅक हातात. ऐन मे महिन्यात उन्हात राबायचं, पाणी कमी, वरून बीपीची आणि लघवीची गोळी चालू आणि त्यात ही. किडनीला रक्त नीट पोचवायला शरीर जे रसायन बनवतं तेच ही गोळी कमी करते, दुखणं थांबतं ते पण त्यामुळंच. गिधाडं याच औषधानं संपत आली, औषध दिलेली जनावरं मेली की ती खाऊन गिधाडांच्या किडन्या निकामी व्हायच्या, म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. धडधाकट माणसाला एखादी गोळी सहसा काही करत नाही, पण साठीतल्या बीपी-शुगरवाल्यानं मनानं रोज घेणं म्हणजे अवघड काम.

माझं म्हणणं एवढंच, गोळीचा त्रास कुणीतरी बघून, मोजून लिहून ठेवलेला असतो म्हणून तो मोठा दिसतो. पुडीचा कुणी लिहीतच नाही.

आणि औषधानं त्रास झाला तर डॉक्टरला सांगाच, शिवाय सरकारचा टोल फ्री नंबर आहे, १८००-१८०-३०२४, आपल्यासारखा साधा पेशंटही तिथं कळवू शकतो. तेवढी गोळ्यांची पट्टी फेकू नका, नाव आणि बॅच नंबर तिच्यावरच असतो.