आमच्या मंडळींना पाहिलंत का?

फेसलिफ्टचं, म्हणजे सैल पडलेला चेहरा आणि गळा घट्ट करण्याच्या ऑपरेशनाचं, मार्किंग पेशंटला बसवूनच करावं लागतं. माणूस आडवा झाला की गाल कानाकडे सरकतात, जबड्याची कड मोकळी होते आणि ज्यासाठी तो आलेला असतो तेच दिसेनासं होतं. म्हणून भूल द्यायच्या आधी, थिएटरशेजारच्या खोलीत खाटेच्या कडेला ताठ बसवायचं आणि जांभळ्या मार्करने रेघा ओढायच्या. एक रेघ कानाच्या पुढून खाली येऊन, पाळीखालून वळून मागे केसांत शिरणारी. मग गालावर, जबड्यावर, गळ्यावर खुणा.

२०१७ सालच्या हिवाळ्यातली ती सकाळ. समोर ६२ वर्षांच्या बाई बसल्या होत्या. सातारा जिल्ह्यातल्या शाळेत आयुष्य गेलेलं, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त, आता पुण्यात. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील मी बदलले आहेत.) डावी बाजू आटोपून मी उजवीकडे वळले, तेवढ्यात त्यांनी उशीखालून एक पाकीट काढलं.

"डॉक्टर, हा द्यायचा राहूनच गेला."

आत फोटो होता. जुना फोटो आम्ही मागतोच. चेहरा मुळात कसा होता, गाल कुठे भरलेले होते, हे त्यावरून कळतं. नाहीतर सर्जन आपल्याच मनातला चेहरा घडवत बसतो. पहिल्या भेटीत मागितला तेव्हा त्या "शोधते" म्हणाल्या होत्या. १९८१ सालचा, महाबळेश्वरला काढलेला, रंग विटलेला. स्वेटर घातलेला तरुण आणि त्याच्या शेजारी दोन वेण्या घातलेली नवी नवरी. कडा कापडासारख्या मऊ पडल्या होत्या, आणि त्या मुलीच्या चेहऱ्यावर बोटाच्या पेराएवढा भाग पुसट झाला होता.

"अगदी अशीच दिसले नाही तरी चालेल," त्या म्हणाल्या. "ह्यांना ओळखता येईल इतपत करा."

माझा हात थांबला. मार्करचं टोपण लावलं, स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसले.

त्यांच्या यजमानांना चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश होता. हे मला तोवर माहीत नव्हतं. "घरी कोण कोण असतं?" या प्रश्नाला "मी आणि हे" एवढंच उत्तर आलं होतं, आणि मी त्यावर टिकमार्क करून पुढे गेले होते. आता तुकड्या-तुकड्यांनी सगळं बाहेर आलं. संध्याकाळ झाली की ते पिशवी भरतात, चपला घालतात, दाराशी उभे राहतात. ती वाट बघत असेल, मला घरी जाऊ द्या, म्हणतात. मग बाई फोटो पुढे करतात. त्यातल्या मुलीवर ते बरोबर बोट ठेवतात, चेहरा उजळतो. आणि बाईंकडे वळून अगदी अदबीने विचारतात, "अहो बाई, आमच्या मंडळींना पाहिलंत का?"

"आयुष्यभर शाळेत बाई होते," त्या म्हणाल्या, "आता घरातही बाई झाले."

रडल्या नाहीत. मुख्याध्यापिका जशी सूचना वाचून दाखवते तशा सांगत होत्या. त्यांना फोटोतली मी ओळखू येते, समोरची येत नाही. मधलं अंतर जरा कमी केलं तर? यात तुम्हाला काय वेडेपणा वाटतो?

मला वेडेपणा वाटला नाही. आजही वाटत नाही.

माझ्या ओपीडीत हा प्रश्न रोजचा आहे: डॉक्टर, योग्य वेळ कोणती? लोकांना वय हवं असतं. पन्नास? साठ? वयाने फार थोडं ठरतं. चाळिशीच्या शेवटी किंवा पन्नाशीत कातडीला ताण असतो, जखम चांगली भरते, परिणाम जास्त काळ टिकतो. पण सत्तरीतल्या ठणठणीत बाईंचं ऑपरेशनही उत्तम होतं. वजन सहा-आठ महिने एका जागी थांबलेलं असावं, कारण ओढून घेतल्यावर दहा किलो उतरले तर कातडी पुन्हा सैल. रक्तदाब ताब्यात हवा. या ऑपरेशनात सर्वांत जास्त भीती पहिल्या दिवस-रात्रीत कातडीखाली रक्त साकळण्याची असते, आणि चढलेला रक्तदाब त्याला आमंत्रणच देतो. ॲस्पिरिन डॉक्टरांना विचारून आधीच थांबवावी लागते. सिगारेट बंद. आणि आपल्याकडे एक प्रश्न मुद्दाम, आवाज खाली आणून विचारावा लागतो: मिश्री लावता का? बायका लाजतात, घरच्यांसमोर "नाही" म्हणतात. पण निकोटिन ते निकोटिनच. रक्तवाहिन्या आकसल्या की कानामागची कातडी काळी पडू शकते.

सुट्टीचंही गणित असतं. सूज आणि काळेनिळे डाग ओसरायला दोन-तीन आठवडे, बधिरपणा जायला काही महिने. मुलाचं लग्न महिन्यावर आलंय म्हणून धावत आलेल्यांना मी लग्न उरकून यायला सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एकदा हे सांगितलं नाही. रात्री दोन वाजता त्या आईच्या गालाखाली साकळलेलं रक्त काढायला तिला परत टेबलावर घ्यावं लागलं, आणि ती हळदीला एका बाजूने सुजलेल्या चेहऱ्याने बसली. मला तेव्हा नकार देता आला नाही, हे माझ्या खात्यावरच आहे.

हे सगळं मी बाईंना विचारलं होतं. उत्तरं पुस्तकात लिहावीत इतकी चोख होती. काय खुपतं? "हे जबड्यावरून लोंबतंय ते, आणि गळ्याच्या या दोन दोऱ्या." आत्ताच का? "धाकटीचं लग्न झालं, फंडाचे पैसे हातात आहेत." कुणाच्या सांगण्यावरून? "माझं मीच." कुठे काय खुपतं ते नेमकं दाखवणारा, दुसऱ्या कुणाच्या दबावाखाली नसलेला पेशंट हा चांगला पेशंट, असं आम्ही शिकतो. त्यांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. मी पहिल्या उत्तरावर समाधान मानलं, एवढंच.

भूलतज्ज्ञांनी दारातून डोकावून विचारलं, "मॅडम, कन्सेंट आहे, फिटनेस आहे, उपाशी आहेत. घ्यायचं ना?" सिस्टरने नुकताच मोजलेला रक्तदाब कागदावर होता: १६८/९८.

मला पळवाट मिळाली होती. "प्रेशर वाढलंय, आज नको" एवढं म्हटलं असतं तर कुणीच काही विचारलं नसतं. त्या आठवड्याभराने परत आल्या असत्या, गोळी वाढवून, फोटो पर्समध्ये ठेवून. आणि मग मी काय केलं असतं?

मी ठरवलं की खरं बोलायचं.

आधी त्यांच्या हाताला धरून आरशापुढे नेलं आणि दोन बोटांनी त्यांचे गाल कानाकडे हलकेच घेतले. "बाई, मी करू शकते ते एवढं. फार तर आठ-दहा वर्षं मागे, तीही जबड्याची आणि गळ्याची." पूर्वी नुसती कातडी ओढत, १९७६ मध्ये मित्झ आणि पेरोनी या फ्रेंच डॉक्टरांनी कातडीखालच्या पडद्याचं वर्णन केलं, तेव्हापासून आम्ही तो पडदा उचलून घट्ट बसवतो, म्हणून चेहरा ताणलेला दिसत नाही. पण फोटोतल्या मुलीचा चेहरा नुसत्या त्या पडद्यावर उभा नव्हता. ३६ वर्षांत डोळ्यांच्या खोबणी रुंदावतात, जबड्याचं हाड झिजतं, गालातली चरबी विरळ होते. ते हाड मला परत आणता येत नाही.

"आणि दुसरं," मी म्हणाले, "उद्या तुमचा चेहरा सुजून भोपळा होईल. डोक्याला पट्टी, कानामागे नळी. यजमान तुम्हाला आज 'अहो बाई' म्हणून दाराशी विचारतात तरी. उद्या घाबरतील." डोकं उंच ठेवून झोपायचं, वाकायचं नाही, काही उचलायचं नाही, निदान दोन आठवडे. रात्री ते उठून बाथरूमकडे निघाले तर कोण धरणार? बाई काही बोलल्या नाहीत. त्याच धरणार होत्या, दुसरं कोण?

मग रागावल्या, आणि त्यांचा राग रास्त होता. "चेहरा माझा, पैसे माझे, सही माझी. तुम्ही कोण ठरवणार वेळ झाली की नाही ते?" मी म्हटलं, "मी तुमचा चेहरा नाकारत नाहीये. हे काम त्याच्याच्याने होणार नाही, एवढंच सांगतेय. केलं आणि त्यांनी तरीही ओळखलं नाही, तर तुम्ही रोज आरशात काय बघाल?"

फेसलिफ्टची गोष्टच मुळी पेशंटने गळ घालण्यापासून सुरू होते. बर्लिनचे ऑयगेन होलेंडर यांनी १९०१ मध्ये एका पोलिश उमराव स्त्रीवर हे ऑपरेशन केल्याचं १९३२ मध्ये लिहिलं, तेही तिच्या आग्रहापुढे आपलं काही चाललं नाही अशा सुरात. त्या बाईंना नेमकं काय हवं होतं कोण जाणे. पण त्या सकाळी मला होलेंडर फार जवळचे वाटले. समोरचा माणूस आशेने बसलेला, टेबल तयार, हात शिकलेले. हो म्हणणं किती सोपं असतं.

शेवटी मी स्पिरिटने रेघा पुसायला घेतल्या. त्या मार्करची शाई हट्टी असते, पूर्ण गेली नाहीच. चहा मागवला, त्या रात्रीपासून उपाशी होत्या. अनामत परत करायला सांगितली. माझा एक मानसोपचारतज्ज्ञ मित्र स्मृतिभ्रंशाचे रुग्ण आणि त्यांच्या घरचे अशा दोघांनाही बघतो, त्याला तिथूनच फोन लावला. बाईंनी चहा घेतला नाही. त्याच्या नावाची मी दिलेली चिठ्ठी मात्र पर्समध्ये ठेवली, पदर गालापर्यंत ओढून घेतला आणि भाचीबरोबर रिक्षात बसल्या.

पुढचे कित्येक दिवस मला खात्री नव्हती. खरंच नव्हती. ऑपरेशनानंतर महिन्याभराने सूज उतरली असती आणि एखाद्या संध्याकाळी, एका क्षणापुरतं का होईना, त्यांनी ओळखलं असतं तर? मित्राला विचारलं. तो म्हणाला, कधीकधी चेहऱ्यापेक्षा आवाज, वास, गाणं यांचा धागा जास्त टिकतो. त्यांना तेच वापरायला सांगितलंय. म्हणजे बाई त्याच्याकडे गेल्या होत्या. रात्रीला एक मावशीही ठेवल्या होत्या.

२०१८ च्या दिवाळीआधी त्या परत आल्या. यजमान जाऊन चार महिने झाले होते. केस पांढरे सोडले होते, वजन उतरलं होतं. "आता करा," म्हणाल्या. मी पुन्हा नाही म्हटलं. वजन थांबू दे, झोप लागू दे, वर्ष होऊ दे. या वेळी चिडल्या नाहीत. "वर्षश्राद्धाआधी मीही करून घेतलं नसतंच," म्हणाल्या, "तुमच्याकडून ऐकायचं होतं."

वर्ष झाल्यावर आल्या तेव्हा मी सगळे प्रश्न पहिल्यापासून विचारले, आणि प्रत्येक उत्तरानंतर गप्प बसले. कशासाठी करायचंय? बराच वेळ गेला. "पाच वर्षं मी आरशात ह्यांच्या डोळ्यांनी बघत होते. कुठे चुकतंय, काय जुळत नाही. आता स्वतःच्या डोळ्यांनी बघते तर हा गळा खरंच आवडत नाही मला." थोडं थांबून म्हणाल्या, "नाही केलं तरी चालेल म्हणा. पण करावंसं वाटतं."

"नाही केलं तरी चालेल" हे वाक्य मी हल्ली कान देऊन ऐकते. जे घाईने आलेले असतात त्यांच्या तोंडून ते निघत नाही.

२०१९ च्या पावसाळ्याच्या शेवटी पुन्हा तीच खोली, तीच खाट. रक्तदाब १२६/८०. घरी पंधरा दिवस थोरली मुलगी राहणार होती. फोटो आणला नव्हता. मी विचारलं तर म्हणाल्या, तो ह्यांच्या पुस्तकांत ठेवलाय. मी मार्करचं टोपण काढलं, आणि त्या एकदम हसल्या.

"त्या दिवशीचं तुम्हाला सांगितलंच नाही मी. घरी गेले तर हे दारातच उभे. माझा पदर सरकला, त्यांना त्या जांभळ्या रेघा दिसल्या. इतके कळवळले! मला खुर्चीत बसवलं, पंचा ओला करून आणला आणि पुसत बसले. अर्धा तास. 'कुणी केलं हो हे, बाई? दुखतंय का?' असं सारखं विचारत होते."

"मग?"

"मग काय, नाही म्हटलं, दुखत नाही." त्यांनी हनुवटी जरा वर केली, मान ताठ केली आणि माझ्याकडे बघितलं. "काढा आता रेघा."