तीन बॅटऱ्या आणि एक वायर

आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि आत घालतात त्याला सेल. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा निम्मा घोळ या एका शब्दाने घातलाय. उरलेला निम्मा वायरने.

२९ मे २०२५ ला ऑर्डर दिली आणि २६ ऑगस्टला, हरतालिकेच्या संध्याकाळी, ती बॅटरी आमच्या घरात पहिल्यांदा चार्ज झाली. एकोणनव्वद दिवस. ज्या पावसाळ्यासाठी घेतली तो संपत आला होता. अजून आठवलं की डोकं तापतं, म्हणून लिहायला बसले.

आम्ही दापोली तालुक्यात राहतो. नवरा मुंबईला, घरी मी, सासूबाई आणि दहावीतली मुलगी. पतसंस्थेतून सुटून सातच्या एसटीने उतरले की रस्त्यापासून घरापर्यंत पाखाडी आहे, म्हणजे पायऱ्यांची वाट, जांभ्याची, शेवाळलेली. एका हातात छत्री, दुसऱ्यात पिशवी. पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नाही, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर तर आमच्या वाडीत एकवीस दिवस लाईट नव्हती. तेव्हापासून घरात जो तो बॅटरी आणत सुटला. जत्रेतली, ट्रेनमध्ये विकायला आलेली, कुठल्याशा ऑफरमध्ये फुकट मिळालेली. २०२५ च्या मेमध्ये मोजल्या तर ड्रॉवरमध्ये सात निघाल्या आणि उजेड एकीचाही नव्हता. सासऱ्यांची पितळेची तीन सेलांची, तिच्यात सेल तसेच राहून फुटले होते. आतला पांढरा खार खरवडून काढला, तरी बटण जाम ते जामच.

त्या वर्षी पाऊस मेमध्येच येऊन ठेपला. मी ठरवलं, सगळ्या भंगारात घालायच्या आणि मोजून तीन चांगल्या घ्यायच्या. एक डोक्याला बांधायची, एक आगरात आणि विहिरीवर जायला लांब झोताची, एक लहान, साध्या पेन्सिल सेलवर चालणारी, सासूबाईंच्या उशाशी. डोक्याची आणि लहान, या दोन्ही आठवड्याभरात आल्या, चालल्या, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तिसरीने मात्र छळलं.

ती आली तेव्हा झकास चालत होती. हातात वजनदार, काळी, आत जाडजूड २१७०० चा सेल. (हे आकडे मापाचे असतात, २१ मिलिमीटर जाडी, ७० मिलिमीटर लांबी. १८६५० म्हणजे १८ आणि ६५. कळलं तेव्हा मला हसू आलं, मी त्याला मॉडेल नंबर समजत होते.) जूनच्या मध्यावर ती मंद झाली. चार्जिंगला लावली. तिचं भोक नव्या मोबाईलसारखंच, टाईप सी. माझ्या मोबाईलचा चार्जर लावला. दिवा नाही. मुलीचा लावला. दिवा नाही. रात्रभर ठेवली, सकाळी ढिम्म.

तक्रार करायला गेले तर फॉर्म. बिलाचा फोटो, खोक्यावरच्या नंबराचा फोटो, आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ. खोकं उघडताना कोण व्हिडिओ काढतं? लग्न आहे का? मग 'बिघाड कशात आहे' असा रकाना, त्यात पर्याय निवडायचा: बॅटरी, स्विच, काच, इतर. मी अर्थातच बॅटरी निवडलं. बॅटरीच बिघडली होती ना.

दहा दिवसांनी दापोलीत कुरिअर आलं. आमच्या वाडीपर्यंत ते येत नाहीत, फोन करून बोलावतात. एवढंसं पाकीट पाहून मला शंका आली. उघडलं तर आत एक सेल. फक्त सेल. आणि मोबाईलवर मेसेज, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.

बरं, तो सेल घातला तर बॅटरी चालली! कारखान्यातून निघताना त्यात थोडं चार्जिंग असतंच. मी खूश, सासूबाई खूश. जुलै उजाडला आणि पुन्हा अंधार. आता माझ्याकडे दोन सेल, दोन्ही रिकामे.

फोन केला. पलीकडच्या मुलीला म्हटलं, "बॅटरी चालत नाही." ती म्हणाली, "मॅम, बॅटरी तर आम्ही बदलून दिली आहे." मी म्हटलं, "अहो, सेल बदललात, बॅटरी कुठे बदललीत?" ती गप्प. मग मीच मनात शब्द जुळवून म्हणाले, टॉर्च, टॉर्च चार्ज होत नाही. तेव्हा कुठे नवा तक्रार क्रमांक मिळाला आणि टॉर्च पाठवा म्हणून सांगितलं, कुरिअरचा खर्च माझा.

कुरिअरच्या काउंटरवर तोच खेळ. "आत बॅटरी आहे का?" "हो, बॅटरीच आहे." "मग नाही घेणार." लिथियमच्या सेलाला वाटेत आग लागू शकते म्हणून त्याचे नियम कडक असतात, हे आता मला ठाऊक आहे आणि पटतंही. विमानात बसतानासुद्धा सुटे सेल हातातल्या बॅगेतच न्यायचे असतात, खाली सामानात द्यायचे नसतात. पण त्या दिवशी बाहेर पाऊस कोसळत होता आणि एसटी सुटायला दहा मिनिटं होती. तो म्हणाला, सेल काढून द्या, मग जाईल. मी काढला. टॉर्च पुण्याला गेली आणि दहा दिवसांनी परत आली, सोबत चिठ्ठी: "सेल प्राप्त न झाल्याने तपासणी करता आली नाही."

ती चिठ्ठी मी फाडली नाही, ठेवली आहे.

दुसऱ्या कुरिअरवाल्याकडे गेले. त्याने एका कागदावर सही घेतली, विमानाने नाही, गाडीने पाठवतो म्हणाला, आणि सेलसकट घेतली. पहिल्या दिवशी हेच कोणी सांगितलं असतं तर माझे दहा दिवस वाचले असते. तुम्हाला पाठवायची वेळ आली तर 'आत लिथियम सेल आहे, रस्त्याने पाठवा' असं आपणहून म्हणा. बॅटरी हा शब्द तोंडातून काढू नका.

३१ जुलैला परत आली. "तपासले. योग्य स्थितीत आहे." आणि खरंच चालू! लख्ख! त्यांनी तिकडे पूर्ण चार्ज करून पाठवली होती ना. श्रावणभर मी ती मिरवली. शेजारच्या काकूंना झोत मारून नारळाच्या झापातलं घुबड दाखवलं. नवऱ्याला फोनवर सांगितलं, बघ, पाठपुरावा केला की काम होतं. वीस ऑगस्टच्या सुमारास ती पुन्हा मंद झाली, मी ऐटीत चार्जिंगला लावली आणि दिवा काही लागला नाही. त्या रात्री मी ती भिंतीवर फेकणार होते. सासूबाई म्हणाल्या, "फेकू नकोस, पोचा पडला तर त्यांना कारण मिळेल."

गणपतीला पुतण्या आला. रत्नागिरीला पॉलिटेक्निकला आहे. मखराला तोरण लावता लावता त्याने विचारलं, "काकी, वायर कुठली लावता?"

"हीच की. मोबाईलची."

त्याने बॅगेतून आपला जुना चार्जर काढला, ज्याला रुंद चपट्या तोंडाची वायर लागते तो. टॉर्चला लावला. लाल दिवा लागला.

मी खालीच बसले.

त्याने समजावलं ते मला कळलं तसं सांगते. ज्या चार्जरची वायर दोन्ही टोकांना सी असते, तो आधी समोरच्या वस्तूला विचारतो, तुला वीज हवी आहे का. 'हवी' हे उत्तर देण्यासाठी त्या वस्तूच्या भोकामागे ५.१ किलोओहमचे दोन एवढेएवढे रोधक बसवावे लागतात. किंमत काही पैसे. ते बसवले नसतील तर चार्जरला उत्तर मिळत नाही आणि तो वीज सोडतच नाही. जुना रुंद तोंडाचा चार्जर काही विचारत नाही, पाच व्होल्ट सरळ देऊन मोकळा होतो. खोक्यात वीतभर वायर आली होती ती रुंद तोंडाचीच. ती पहिल्याच शनिवारी नवऱ्याने पॉवर बँकेसाठी मुंबईला नेली. आमच्या घरात आता सगळे चार्जर नवे, दोन्हीकडे सी. दुरुस्तीवाल्यांच्या टेबलावर जुना असणार, म्हणून तिकडे चार्ज व्हायची आणि इकडे नाही. पत्रकात सर्वांत खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, सोबतची केबल वापरावी. तीन महिन्यांत एकाने, एकानेही, विचारलं नाही की बाई, वायर कुठली लावताय.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "वायरच बदलायची होती तर एवढा कारभार कशाला केलास?"

म्हणून चार्जिंगची बॅटरी घेताना माझा पहिला प्रश्न आता उजेडाचा नसतो. दोन्हीकडे सी असलेल्या वायरने चार्ज होते का, ते दुकानात लावून दाखवा म्हणायचं. ऑनलाईन असेल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत, सेल भरलेला असला तरी, घरच्या चार्जरवर लावून बघायचं. मी आलेल्या दिवशी चालते आहे एवढंच पाहिलं आणि तिथेच फसले.

उजेडाचं म्हणाल तर ल्यूमेनच्या, म्हणजे एकूण उजेडाच्या मापाच्या, आकड्याला फार भुलू नका. नीट कंपन्या एफएल-१ नावाच्या मापाने आकडे छापतात. त्यात उजेड मोजतात तो चालू केल्यावर अर्ध्या मिनिटाने, आणि 'इतके तास चालते' म्हणजे उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. झोताचं अंतर धरतात ते पाव लक्सपर्यंत, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतकं. चांदण्यात रानडुक्कर ओळखता येत नाही. तेव्हा छापलेल्या अंतराचं मी सरळ अर्धं धरते. माझी मोठी बॅटरी पूर्ण झोतावर काही मिनिटांत हाताला चटका देते आणि आपोआप उजेड कमी करते. रोजच्या पाखाडीला तिचा खालून दुसरा उजेड पुरतो, साधारण शंभर ल्यूमेन.

रंगाचं मात्र मला कोणी आधी सांगायला हवं होतं. जत्रेतल्या, ट्रेनमधल्या त्या जुन्या बॅटऱ्या चालायच्या तेव्हा त्यांचा उजेड निळसर पांढरा असायचा. डोक्याची घेतली ती पिवळसर, ४००० केल्विनची (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तेवढा उजेड पिवळा), आणि रंग खरे दाखवणारी. रंग किती खरे दिसतात तो आकडा सीआरआय म्हणून लिहितात, नव्वदच्या वर बघा. फरक मला एका रात्री कळला. पाखाडीच्या चौथ्या पायरीवर सागाचं वाळकं पान पडलं होतं आणि त्याला टेकून दुसरं काहीतरी होतं, पानाच्याच रंगाचं, पण कडेने पांढरट नागमोडी रेघ असलेलं. फुरसं. वीतभर. मी थांबले, त्याने अंगावर अंग घासून करवतीसारखा आवाज काढला, मी दोन पायऱ्या मागे आले आणि ते गडग्यात गेलं. निळ्या उजेडात जांभा, पान आणि फुरसं सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसतं. मला तरी दिसायचं.

डोक्याच्या बॅटरीने दोन्ही हात मोकळे राहतात, पण मुसळधार पावसात आणि धुक्यात ती उपयोगाची नाही. उजेड डोळ्याजवळून निघतो, प्रत्येक थेंब चमकतो आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. तेव्हा ती काढून हातात, कमरेच्या खाली धरायची. पहिल्या पावसात पंखवाल्या वाळव्या निघतात त्या संध्याकाळीही तेच, नाहीतर नाकातोंडात जातात.

पुतण्याने जाताना जांभळ्या उजेडाची एक छोटी बॅटरी दाखवली. तिच्यात विंचू हिरवट चमकतो. लाकडांच्या ढिगावर मारली तर दोन दिसले, आणि मला ते दिसले नसते तर बरं झालं असतं असं वाटलं. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर उपचार शोधण्यात उभी हयात घातली, ती उगाच नाही. ती जांभळ्या उजेडाची बॅटरी माझ्या तीनमध्ये बसत नाही, पण चौथी घ्यायचीच झाली तर तीच.

सासूबाईंची लहान बॅटरी चार्जिंगची का नाही, असं मुलीने विचारलं. कारण वादळ आलं तर चार्जिंग कुठून आणणार? पेन्सिल सेल वाडीतल्या दुकानात मिळतात. फक्त गणपतीला आणि शिमग्याला आठवणीने सेल काढून बघते, खार धरलाय का ते. सुटे २१७०० किंवा १८६५० घ्यायचे झाले तर ९९०० एमएएच (सेलात किती वीज मावते त्याचं माप) लिहिलेले स्वस्तातले घेऊ नका. १८६५० च्या चांगल्या सेलात ३५०० च्या आसपास मावतं, त्याच्या दुप्पट-तिप्पट आकडा म्हणजे थाप.

हो, आणि एक राहिलं. मोठी बॅटरी पिशवीत टाकताना शेपटीकडचं झाकण पाव फेरा सैल करायचं. बटण दाबलं गेलं तरी ती लागत नाही. मी एकदा विसरले आणि एसटीत मांडीवरच्या पिशवीतून जळका वास यायला लागला. पतसंस्थेच्या पासबुकाच्या कव्हरला रुपयाएवढं तपकिरी भोक पडलं होतं.