गच्चीवरचा सौर बंब आणि मिळकतकर

आज सोसायटीच्या गच्चीवर सौर बंबाच्या नळ्यांवरची धूळ धुताना शेजारच्या काकांनी विचारले, "यात महापालिकेचा काय फायदा?" प्रश्न मोलाचा होता. सौरऊर्जा, गांडूळखत आणि पर्जन्यजलसंधारण यांपैकी एक प्रकल्प चालू ठेवणाऱ्या मिळकतींना पुणे महापालिका करात ५ टक्के, तर दोन किंवा अधिक प्रकल्प असल्यास १० टक्के सवलत देते. हे उत्पन्नावर सोडलेले पाणी नव्हे, असे माझे ठाम मत आहे. कारण दोन किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट वीज जाते, आणि सकाळी घरोघरी हे गिझर एकाच वेळी सुरू होत असल्याने त्याचा भार साऱ्या शहराच्या वीजपुरवठ्यावर पडतो. मात्र बंद पडलेल्या बंबांना सवलत मिळू नये, यासाठी प्रत्यक्ष पाहणी काटेकोरपणे व्हायला हवी.