पिट्सबर्ग, दोन तासांसाठी

आज कोलंबसहून न्यू जर्सीला जाताना मधे पिट्सबर्ग लागलं, खरं तर फक्त जेवायला थांबायचं होतं पण फोर्ट पिट बोगद्यातून बाहेर पडलो आणि एकदम समोर पूल, नदी, उंच इमारती, अख्खं शहरच, मुलं तर ओरडलीच! मग काय, जेवण राहिलं बाजूला आणि ड्युकेन इन्क्लाइन गाठली. १८७७ पासून डोंगरावर चढणारी लाल डब्यांची केबल रेल्वे, आत जुनं लाकूड हाताला गुळगुळीत लागतं, एक डबा वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. १९६२ला बंद पडली होती पण तिथल्याच रहिवाशांनी पैसे जमवून पुढच्या वर्षी परत चालू केली, हे वाचून फार भरून आलं.

वरून अ‍ॅलेघनी आणि मोनाँगाहेला भेटताना दिसतात, तिथून पुढे ओहायो नदी. मी कराडची, त्यामुळे कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम आठवणारच ना. आईला लगेच व्हिडिओ कॉल लावला, तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजलेले, तरी उठून चष्मा लावून बघितलं तिने आणि म्हणाली, "अगं, घाट कुठाय?"