रद्दीत गेलेला पासवर्ड

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी मिळणारी नेहमीची सुरक्षा-अद्यतने थांबवली आणि माझ्या २०१४ सालच्या लॅपटॉपचे पुढे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि बराच अलीकडचा प्रोसेसर लागतो. माझ्याकडे दोन्ही नाही. यंत्र मात्र ठणठणीत आहे आणि त्याच्या की-बोर्डासारखा की-बोर्ड मला नंतर कोणत्याही लॅपटॉपवर मिळालेला नाही. म्हणून त्यावर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग प्रणाली टाकायचे ठरवले. पेनड्राइव्ह तयार केला, पण यंत्र त्यावरून सुरू होईना. बूटचा क्रम, म्हणजे यंत्राने आधी कशावरून सुरू व्हायचे ते, बदलण्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे यंत्र चालू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, शिरायला गेलो, तर पडद्यावर कुलपाचे चित्र आणि एक रिकामी चौकट आली.

हा पासवर्ड मीच २०१६ साली घातला होता. शाळकरी मुलगा मित्रांकडून पेनड्राइव्ह आणून यंत्रावर नाना प्रयोग करत असे, त्याला आळा घालणे एवढाच हेतू होता. पासवर्ड एका डायरीत लिहून ठेवला होता. पुढे ठाण्यात नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली, आम्ही घोडबंदर रोडला भाड्याच्या घरात आलो आणि त्या आवराआवरीत जुन्या वीजबिलांच्या गठ्ठ्याबरोबर ती डायरीही मी स्वतःच्या हाताने रद्दीवाल्याला दिली. मुलगा आता इंजिनीअर होत आहे. त्याने हा इतिहास फार आनंदाने ऐकून घेतला.

अशा वेळी सर्वांत आधी आपण नेमका कोणता पासवर्ड विसरलो आहोत, हे ओळखावे लागते, आणि तेथेच बहुतेकांची गफलत होते. विंडोजचा पासवर्ड डिस्कवरच्या प्रणालीचा असतो. प्रणाली नव्याने टाकली की त्याचा प्रश्न उरत नाही. पॉवर-ऑन पासवर्ड यंत्र चालू करताच विचारला जातो आणि तो दिल्याशिवाय काहीच सुरू होत नाही. सुपरवायझर पासवर्ड केवळ बायोसच्या मांडणीवर, म्हणजे सेटिंग्जवर, पहारा देतो, त्यामुळे रोजचे काम विनासायास चालू राहते. माझ्या लक्षातही नऊ वर्षे काही आले नाही ते याचमुळे. चौथा, हार्ड डिस्कचा पासवर्ड, हा खरा कठोर प्रकार आहे, कारण तो डिस्कच्या आतच राहतो, ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावली तरी उघडत नाही आणि तो विसरला तर आतला मजकूर गेला असेच समजावे लागते. माझा तो नव्हता, हे नशीब.

गोखले रोडवरच्या एका दुकानात मला सांगण्यात आले, "काका, आत एक सेल असतो, तो दहा मिनिटं काढून ठेवला की झालं." हा सल्ला डेस्कटॉपच्या काळातला आहे. तेथे बायोसची मांडणी सीएमओएस नावाच्या स्मृतीत असे, तिला सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा बटण-सेल वीज पुरवी आणि सेल काढला की मांडणीबरोबर पासवर्डही पुसला जाई. व्यावसायिक वापरासाठीच्या लॅपटॉपमध्ये पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये लिहिलेला असतो आणि ती चिप विजेशिवायही काही विसरत नाही. एवढेच असते तर सल्ला निरुपयोगी म्हणून सोडून देता आला असता, पण काही यंत्रांत तो घातक ठरतो. सेल काढल्यावर घड्याळाची तारीख पुसली जाते, पुढच्या वेळी यंत्र तारीख चुकल्याची तक्रार करून आपणहून बायोसकडे वळते आणि तेथे सुपरवायझर पासवर्ड मागते. म्हणजे तोवर चालणारा लॅपटॉपही बंद पडतो. मी यंत्र काखेत मारून परत निघालो.

स्टेशनजवळचा दुसरा तंत्रज्ञ वयाने लहान, पण जाणकार निघाला. मदरबोर्डवरची आठ पायांची चिप क्लिप लावून वाचता येते आणि पुन्हा लिहिता येते, असे त्याने सांगितले. त्यात यंत्राचा अनुक्रमांक पुसला जाण्याचा किंवा बोर्डच निकामी होण्याचा धोका असतो, हेही लपवले नाही. "पण काका, बिल दाखवल्याशिवाय मी हात लावत नाही." हे वाक्य ऐकून मला बरे वाटले. चोरीचा लॅपटॉप घेऊन येणारा माणूसही पासवर्ड विसरलो असेच सांगणार.

कंपन्यांची भूमिकाही साधारण हीच असते. लेनोवोच्या थिंकपॅडच्या पुस्तिकांत सुपरवायझर पासवर्ड विसरल्यास तो काढून देता येत नाही, खरेदीचा पुरावा घेऊन या आणि सिस्टिम बोर्ड बदलून घ्या, असे स्पष्ट लिहिलेले असते. इंटेल प्रोसेसरच्या मॅकचा असाच पासवर्ड, म्हणजे फर्मवेअर पासवर्ड, काढून देण्यासाठीही ॲपल मूळ पावती मागते. २०२० च्या अखेरीस आलेल्या ॲपलच्या स्वतःच्या एम १ चिपपासूनच्या मॅकमध्ये हा फर्मवेअर पासवर्डच राहिलेला नाही. माझ्या यंत्राचा बोर्ड बदलण्याचा खर्च यंत्राच्या आजच्या किमतीला कुठेच पटणारा नव्हता.

मार्ग शेवटी साधाच निघाला. कुलूप बायोसला आहे, डिस्कला नाही. मग लिनक्स दुसऱ्या संगणकावर टाकून डिस्क परत का आणू नये? विंडोज अजून चालू होते, म्हणून आधी सर्व फायली बाहेर काढल्या. सिस्टिम इन्फर्मेशन उघडून बायोसची पद्धत यूईएफआय, म्हणजे नव्या धाटणीची, आहे आणि सिक्युअर बूट, म्हणजे मान्यता नसलेली प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय, बंद आहे, हे पाहून घेतले, कारण दुसऱ्या संगणकावरही त्याच पद्धतीने इन्स्टॉल करणे आवश्यक होते. मग डिस्क रुमालात गुंडाळून ट्रान्स-हार्बरच्या लोकलने कोपरखैरण्याला भाच्याकडे गेलो. त्याच्या डेस्कटॉपमधली स्वतःची डिस्क आम्ही आधी सोडवून ठेवली. मिंट ज्यातले आहे त्या उबंटू घराण्यातले इन्स्टॉलर कधीकधी बूटलोडर, म्हणजे प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, भलत्याच डिस्कवर नेऊन ठेवतात आणि मग भाच्याचाही संगणक अडला असता.

एक शंका उरली होती. यूईएफआय यंत्र प्रत्येक प्रणालीची नोंद आपल्या स्मृतीत ठेवते आणि मिंटची नोंद माझ्या लॅपटॉपमध्ये असणे शक्यच नव्हते. मात्र अशी नोंद नसल्यास डिस्कवरच्या एका ठरलेल्या फोल्डरात बूटची फाइल शोधावी, अशी सोय यूईएफआयच्या ठरलेल्या नियमांतच आहे, आणि ती फाइल तेथे असल्याची आम्ही खात्री करून घेतली. रात्री घरी येऊन डिस्क बसवली, बटण दाबले आणि मिंट सुरू झाले.

पासवर्ड मला अजूनही आठवलेला नाही. आतला बटण-सेल मूळचाच, म्हणजे अकरा वर्षांचा आहे. तो ज्या दिवशी संपेल त्या दिवशी ती रिकामी चौकट पुन्हा समोर येण्याची शक्यता आहे. लॅपटॉपचे २०१४ चे बिल शोधून मी ते एका पाकिटात घालून ठेवले आहे, आणि त्या पाकिटावर "रद्दी नाही" असे मुलाने मोठ्या अक्षरांत लिहिले आहे.