बूस्टचा आकडा आणि त्याचे शून्य

टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) किती जादा दाब, म्हणजे बूस्ट, देतो हे दाखवणारा गेज मी गाडीला नंतर बसवून घेतला होता. तो चढावर १८ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाखवत होता आणि त्याच क्षणी गाडीच्या संगणकातील आकडे वाचणाऱ्या स्कॅनरवर २२५ किलोपास्कल उमटले होते. एक पीएसआय म्हणजे ६.८९५ किलोपास्कल हे मला पाठ होते, म्हणून मी सरळ भागाकार केला. उत्तर ३२.६ पीएसआय आले आणि टर्बोवरचे नियंत्रण सुटले आहे असे समजून त्या संध्याकाळी मी वेस्टगेटची, म्हणजे बूस्टला मर्यादा घालणाऱ्या झडपेची, नळी तपासत बसलो. नळी ठणठणीत होती आणि भागाकारही बरोबर होता. दोन्ही आकडे एकाच शून्यापासून मोजले जातात, हे मात्र मी उगाच गृहीत धरले होते.

बूस्ट गेज भोवतालच्या हवेच्या दाबाला शून्य मानतो आणि त्याच्यावर किती दाब चढला तेवढेच सांगतो. स्कॅनरला आकडा पुरवणारा मॅप सेन्सर मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांवर, असतो आणि तो संपूर्ण निर्वातापासून मोजतो, त्यामुळे त्याच्या आकड्यात वातावरणाचा दाब, म्हणजे समुद्रसपाटीला सुमारे १०१.३ किलोपास्कल किंवा १४.७ पीएसआय, आधीच धरलेला असतो. २२५ मधून १०१ वजा केले की १२४ उरतात आणि त्यांचे १८ पीएसआय होतात. आणखी एक खाच अशी की ओबीडीच्या, म्हणजे स्कॅनर गाडीशी ज्या भाषेत बोलतो तिच्या, सर्वांत प्रचलित संकेतात हा निर्वातापासून मोजलेला, म्हणजे निरपेक्ष, दाब एकाच बाइटमध्ये (ज्यात ० ते २५५ एवढेच आकडे मावतात) पाठवला जातो आणि तो २५५ किलोपास्कलच्या पुढे जाऊच शकत नाही. समुद्रसपाटीला साधारण २२ पीएसआयच्या वर बूस्ट गेला तरी तेथील आकडा अडकून राहतो.

एककांचा गुणाकार त्या मानाने सोपा आहे. एक बार म्हणजे १०० किलोपास्कल किंवा १४.५ पीएसआय, तर गॅरेजमध्ये ज्याला नुसते ‘किलो’ म्हणतात तो किलो प्रति चौरस सेंटीमीटर म्हणजे १४.२ पीएसआय. १.२ बार आणि १.२ किलो यांत जेमतेम तिसरा हिस्सा पीएसआय एवढा फरक पडतो, आणि स्वस्त गेजची सुई त्याहून जास्त चुकत असेल, असे मला वाटते. पेट्रोल गाडीच्या काही गेजवर शून्याच्या वर पीएसआय आणि खाली पाऱ्याचे इंच (दाबाचे वेगळे एकक) असतात, हे मात्र लक्षात ठेवावे लागते: उणे २० इंच म्हणजे उणे २० पीएसआय नव्हे, तर उणे ९.८.

खरी गंमत उंचीवर आहे. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरवर वातावरणाचा दाब सुमारे ७९.५ किलोपास्कल असतो. तेथे गेजवर तेच १८ पीएसआय दिसले, तरी मॅनिफोल्डमधील निरपेक्ष दाब २२५ नसून २०३.५ किलोपास्कल असतो. म्हणजे हवेचे तापमान तेवढेच धरले तर इंजिनाला सुमारे १० टक्के कमी हवा मिळते. टर्बोला मात्र आता हवा २.२२ पट नव्हे तर २.५६ पट दाबावी लागते. सुई जागची हललेली नसते, पण टर्बोचे श्रम वाढलेले असतात आणि इंजिनाच्या पदरात हवा कमी पडलेली असते.

म्हणून आता मी कोणताही आकडा बदलण्याआधी इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन करतो आणि स्कॅनर पाहतो. समुद्रसपाटीजवळ शंभरच्या आसपास दिसले तर तो निरपेक्ष दाब आहे, शून्य दिसले तर वजाबाकी आधीच झालेली आहे. २,००० मीटरवर उणे २२ दिसले, तर स्कॅनर म्हणून वापरलेले मोबाइलमधले अ‍ॅप तेथील हवेचा दाब न विचारता सगळीकडे १०१.३ च वजा करत आहे, आणि त्याच्या बूस्टच्या आकड्यात प्रत्येक वेळी ३.२ पीएसआय मिळवावे लागतात.