सव्वासहाला उठणाऱ्यांची बाजू

निवृत्त झालेले जुने सहकारी भेटले की प्रश्न ठरलेला असतो: "तुमच्या ऑफिसातली नवी पोरं सव्वासहाला ऑफिस सुटलं की लगेच उठतात म्हणे. आणि तुम्ही त्यांची बाजू घेता?" नातेवाइकांत हेच, संघटनेच्या बैठकीत हेच. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकते.

हो, घेते. पूर्ण नाही, पण घेते.

मी 1996 ला सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून लागले. मला जुनी पेन्शन आहे. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांच्या पगारातून पेन्शनसाठी दहा टक्के कापायला लागले आणि पुढे हाती काय येणार ते बाजारावर गेलं. आम्ही आठ-आठ वाजेपर्यंत बसायचो तेव्हा म्हातारपणाची काळजी मिटलेली होती, हे विसरून चालणार नाही. आणि नोकरी न सोडता कामातून मन काढून घेणं, ज्याला आता 'क्वाएट क्विटिंग' म्हणतात, ते आमच्या पिढीत नव्हतं का? मस्टरवर सही करून चहाला गेलेला माणूस दुपारी उगवायचा. आमच्या ऑफिसातला हा पंचविशीतला मुलगा पावणेदहा ते सव्वासहा मान वर करत नाही.

तरी एका शुक्रवारी मीच त्याला सगळ्यांसमोर बोलले.

एका मयत शिपायाची बायको कुटुंब निवृत्तिवेतनासाठी आली होती. तिची ही चौथी खेप. त्याच्या नोकरीची नोंद ठेवणाऱ्या सेवापुस्तकात तीन वर्षांच्या सेवा पडताळणीच्या, म्हणजे ती सेवा तपासून खरी धरल्याच्या, नोंदीच नव्हत्या. जुनी वेतन देयकं शोधून त्या घ्यायला हव्या होत्या. "मावशी, सोमवारी करतो," म्हणत त्याने कॉम्प्युटर बंद केला, डबा पिशवीत घातला. मी म्हणाले, "तुझी आई त्या बाकावर बसली असती तर?"

तो चिडला नाही. त्याने कार्यविवरण नोंदवही, म्हणजे हातातल्या कामांची वही, माझ्यासमोर उघडली. स्वतःचं एक टेबल, शिवाय दोन रिक्त टेबलांचा अतिरिक्त कार्यभार. "मॅडम, मी रोज आठपर्यंत बसलो तर इथे दोन माणसं कमी आहेत हे वर कधी कळणारच नाही. तुम्ही लोकांनी इतकी वर्षं तेच केलंत." आणि गेला.

मी तणतणत रेकॉर्ड रूम उघडली. जुन्या कागदांचे कापडात बांधलेले गठ्ठे, एकेक रुमाल सोडला, नाकातोंडात धूळ गेली, लाल कापडाचा रंग बोटांना लागला. आठच्या सुमारास तिसऱ्या वर्षाचं देयक सापडलं. त्यावर तपासणाऱ्याची लहान सही होती, माझी. त्या वर्षी ते टेबल माझ्याकडे होतं, सोबत आणखी एक. रोज उशिरापर्यंत बसूनही वार्षिक पडताळणी राहून गेली होती, आणि त्यासाठी ती बाई चार वेळा एसटीने आली होती.

बाहेर येऊन तिला एवढंच सांगितलं की कागद मिळाले. तिने माझे दोन्ही हात धरले. सही माझी होती, हे मी सांगितलं नाही.

सोमवारी साहेबांनी माझं कौतुक केलं. बुधवारी आणखी एका रिक्त टेबलाचा कार्यभार माझ्या नावाने निघाला. त्या मुलाने आदेश वाचला आणि काही बोलला नाही.

मग तो बरोबर का? फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबवू नये, असा 2005 चा कायदा आपल्याकडे आहे. पद रिकामं असलं तरी त्या बाकावरचे दिवस मोजले जातातच, आणि ते त्याच्या सव्वासहाने कमी होत नाहीत. हे त्याला मी परत परत सांगते. जुनी मी मला विचारते, तू उठून गेली असतीस तर पद भरलं गेलं असतं का? नसतंच, असं मला वाटतं. पण आम्ही कधी उठूनच पाहिलं नाही.

नवा कार्यभार नाकारणारं पत्र मी लिहून ड्रॉवरमध्ये ठेवलंय. अजून दिलेलं नाही. त्या टेबलावर पेन्शनची अकरा प्रकरणं पडून आहेत.